मूळ कागद घरात राहील

आयुष्यात मी एकदाच परक्या देशातल्या वकिलातीच्या बाकावर तेरा दिवस बसलो. त्या तेरा दिवसांत मी ज्या माणसाच्या नावानं बोटं मोडत होतो, तो तिथून हजारो मैल लांब, नागपुरात, धरमपेठेतल्या आपल्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून कागदाला मार्जिनची घडी घालत बसलेला असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तो माणूस म्हणजे माझे सख्खे मामा. आमच्याकडे मामाला मामाजी म्हणतात. त्यातला 'जी' आदराचा आहे असं बाहेरच्यांना वाटतं. आम्हाला तो लहानपणीच चिकटतो आणि मग खरवडून काढला तरी निघत नाही.

मामाजी जुन्या प्रांताच्या सचिवालयात कारकून होते. पुढं तो प्रांत मोडला, राजधानी मुंबईला गेली आणि त्यांच्या सोबतचे बरेच लोक बिऱ्हाड बांधून तिकडं गेले. मामाजी गेले नाहीत. "ज्या हापिसात मार्जिन दोन बोटाचं सोडतात, तिथी मी जाऊन काय करू?" असं ते म्हणत. मुंबईत मार्जिन किती सोडतात हे त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे. नागपुरातच एका कचेरीत ते हेड क्लार्क झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. म्हणजे कचेरीनं त्यांना तसं कळवलं. त्यांनी ते मान्य केल्याचं मला कधी दिसलं नाही.

रोज सकाळी सातला आंघोळ करून ते ओट्यावर येत. समोर पाय डगमगणारं टेबल, त्यावर लिलावात घेतलेला टाइपरायटर, टाचण्यांची डबी, फाईल बांधायच्या टॅगांचं बंडल, आणि खिळ्यावर बंद गळ्याचा काळा कोट. कोट हापिसात जाण्यासाठी होता आणि हापिस उरलं नव्हतं, तरी तो दर रविवारी उन्हात पडायचा. गल्लीतले लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे. मामाजी फुलस्केप कागद घ्यायचे, त्याची उभी घडी घालायचे, पुन्हा घडी घालायचे आणि अंगठ्याचं नख वरपासून खालपर्यंत असं ओढायचे की समोरच्याच्या अंगावर काटा यावा. मग कागद उलगडून डावीकडचा पाव भाग दाखवत म्हणायचे, "हे मार्जिन. ही साहेबाची जागा. अर्जदारानं इथी पाय ठेवायचा नाही."

अर्जदार बिचारा घाबरून खरंच आपले पाय मागे घ्यायचा.

पण मार्जिन हे त्यांचं उपदैवत. मुख्य देव वेगळा होता, आणि तो कोठीच्या खोलीत, हिरव्या रंगाच्या पत्र्याच्या पेटीत, दोन कुलपांच्या आत राहत असे. त्या पेटीत सगळ्या नात्यागोत्याचे मूळ कागद होते. जन्माचे दाखले, मॅट्रिकची सर्टिफिकेटं, हुडकेश्वरच्या शेताचे कागद, मामींच्या शिलाई मशीनची पावती, माझ्या मृत वडिलांची सेवापुस्तिका. कोणाच्या घरी मूळ कागद आला की आठवड्याच्या आत मामाजी तिथं चहाला जात आणि येताना तो कागद काखेत घालून आणत. बदल्यात देत ती 'सत्यप्रत'.

आजच्या लोकांना हे सांगावं लागेल. तेव्हा कागद यंत्रावर ठेवला की त्याची हुबेहूब छबी बाहेर येते, ही गोष्ट आमच्या गल्लीपर्यंत पोचली नव्हती. प्रत म्हणजे मूळ कागदाकडं बघून टाइप केलेला मजकूर. मूळ कागदावर सही असेल तिथं 'सही आहे' आणि शिक्का असेल तिथं 'शिक्का आहे' असं टाइप करायचं आणि खाली एखाद्या राजपत्रित अधिकाऱ्याची सही घ्यायची, की हे सगळं खरं आहे. मामाजींच्या ओळखीचा राजपत्रित अधिकारी एकच होता. तो गुरांचा डॉक्टर होता. त्यामुळं आमच्या सबंध खानदानाच्या शिक्षणावर, जन्मावर आणि लग्नांवर पशुवैद्यकीय दवाखान्याचा गोल शिक्का आहे.

"मूळ कागद एकदा घराबाहेर गेला का तो सरकारचा झाला," मामाजी म्हणायचे. "तीस वर्षं मी सरकारच होतो बापू. माह्याकडं आलेला एकही मूळ कागद मी परत दिला नाही."

हे ते अभिमानानं सांगायचे!

मामींनी त्यांच्याशी कसा संसार केला हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण एक प्रसंग सांगतोच. एकदा मामाजींनी रेशनकार्डसुद्धा पेटीत टाकलं आणि मामींना त्याची सत्यप्रत देऊन साखर आणायला पाठवलं. दुकानदार मामींना म्हणाला, "बाई, कापीवर मी कापीच साखर देईन. कागदावर लिहून देऊ का?" मामी रिकामी पिशवी घेऊन घरी आल्या. चार वाजता त्यांनी मामाजींसमोर चहा ठेवला आणि बशीत एक चिठ्ठी ठेवली: 'साखर आहे. सत्यप्रत.'

मामाजींनी घोट घेतला. तोंड वाकडं झालं. चिठ्ठी चष्म्याजवळ नेऊन वाचली.

"खाली तारीख नाही," ते म्हणाले.

"अरे बाप्पा!" मामी मला म्हणाल्या, "या माणसाले सरणावर ठेवाल तर हा म्हणंल, मले नका जाळू, माही कापी जाळा."

इथवर हसण्यासारखं आहे. मीही वर्षानुवर्षं लग्नकार्यात हे किस्से सांगून लोकांना हसवत आलो. पण एक किस्सा मी पंगतीत सांगत नाही. मामाजींच्या कचेरीत महादेव नावाचा शिपाई होता. त्याची मुलगी सुलोचना हुशार निघाली आणि तिला नर्सिंगच्या शिक्षणाला जायचं होतं. त्यासाठी वडील त्या कचेरीत नोकरीला आहेत असा एक साधा दाखला हवा होता. दाखला मामाजींच्या टेबलावरून जायचा. पहिला अर्ज त्यांनी मार्जिन कमी म्हणून परत केला. दुसरा, टॅगऐवजी टाचणी लावली म्हणून. तिसरा अर्ज निर्दोष होता, पण तोवर मुदत टळून दोन दिवस झाले होते. महादेव त्यांच्या टेबलाजवळ नुसता उभा राहिला. रोज त्यांना पाणी देणारा माणूस! मामाजी घरी येऊन आम्हाला हे सांगताना म्हणाले, "पोरीचं वर्ष गेलं खरं. पण फाईल कशी, आरशासारखी गेली."

तेव्हा मी कॉलेजात होतो. मला त्यांची चीड आली आणि ती मी गिळली, कारण माझी फी तेच भरत होते. चीड गिळण्याची माझी क्षमता पहिल्यापासून चांगली आहे.

तंत्रनिकेतनातून ड्राफ्ट्समनचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडलो, नागपुरात दोन-तीन ठिकाणी नकाशे काढले आणि सत्तरचं दशक संपायच्या सुमारास मला आखातातल्या एका बांधकाम कंपनीत नोकरी लागली. कोणता देश हे मामाजींनी कधीच लक्षात ठेवलं नाही. त्यांच्या लेखी ते सगळं अरबस्तान. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी डिप्लोम्याचा मूळ कागद माझ्या हातातून काढून घेतला. मी फार झगडलो असं नाही. म्हणालो, "मामाजी, तिकडं लागला तर?"

"तिकडं लागंल ते मी दिलं आहे," असं म्हणून त्यांनी अकरा सत्यप्रती दिल्या. मग चार कोरे कागद समोर ठेवले. "खाली सह्या कर. मागून काही लागलं तर?"

गल्लीतल्या सगळ्यांना 'कोऱ्या कागदावर सही करायची नाही' म्हणून दम देणारा माणूस. पण बाहेर रिक्षा उभी होती, मी घाईत कुठंतरी चार सह्या ठोकल्या आणि निघालो. त्या सह्या लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

मुंबईतल्या एजंटानं त्या वेळी प्रतींवरच काम भागवलं. हे मी कौतुकानं पत्रात कळवलं, ही माझी दुसरी चूक. मामाजींनी ते पत्र गल्लीभर वाचून दाखवलं. अरबस्तानानंही सत्यप्रत मानली!

दोन वर्षांनी करार संपला. कंपनीला मी हवा होतो, मलाही कंपनी हवी होती. घरी आई होती, आणि माझ्या मापाची दुसरी नोकरी नागपुरात नव्हती. पण नियम असा की कामाचा नवा व्हिसा त्या देशात बसून मिळत नाही. बाहेर पडायचं, शेजारच्या देशात त्यांची वकिलात आहे तिथं जायचं, कागद दाखवून शिक्का घ्यायचा आणि परत यायचं. कंपनीनं मला बहारीनच्या विमानात बसवलं. बेटावर चौदा दिवस राहण्याची परवानगी होती. "दोन दिवसांचं काम आहे," मॅनेजर म्हणाला. मी दोनच शर्ट घेतले.

वकिलातीच्या खिडकीत जॉर्ज नावाचा मल्याळी कारकून होता. भला माणूस. त्यानं माझी फाईल उघडली, पहिली प्रत पाहिली, दुसरी पाहिली.

"ये तो टाइपिंग है," तो म्हणाला. "सर्टिफिकेट किधर है?"

"यही है. ट्रू कॉपी."

त्यानं गोल शिक्का वाचला आणि माझ्याकडं वर पाहिलं. "तुम जानवर का डॉक्टर है?"

मी त्याला समजावून सांगितलं. तो आत साहेबाकडं गेला. उघड्या दारातून मला दिसत होतं, की साहेबानं ती जाडजूड फाईल तळहातावर घेऊन एकदा वर-खाली केली, जसं आपण खरबूज पाहतो, आणि परत दिली. या वर्षीपासून मूळ डिप्लोमा पाहिल्याशिवाय शिक्का नाही. जॉर्ज म्हणाला, "ओरिजिनल मंगाओ. दस दिन में आ जाएगा. बॉम्बे से रोज आदमी आता है."

खरंच येत होते. मी राहत होतो त्या खोलीत चार खाटा होत्या आणि दर दोन दिवसांनी त्यांवरची माणसं बदलत. शिक्का मिळाला की उठून जात. मी त्याच खाटेवर. मी नागपूरला तार केली: मूळ डिप्लोमा ताबडतोब पाठवा, नोकरी जाईल. मुंबईला आमच्या कंपनीच्या माणसापर्यंत कागद पोचवला की पुढचं तो पाहणार होता.

चौथ्या दिवशी उत्तर आलं: 'मूळ कागद देता येत नाही. पाच नव्या प्रती पाठवत आहे.'

मी ती तार जॉर्जला वाचून दाखवली. तो इतका हसला की त्याला चष्मा काढावा लागला. मग माझा चेहरा पाहून त्यानं मला चहा पाजला.

सहाव्या दिवशी ट्रंक कॉल लावला. मामाजींच्या घरी फोन नव्हता. समोर गांधीबागेत कापडाचं दुकान असलेले शेठजी राहत, त्यांच्याकडं होता. तीन तास बसल्यावर कॉल लागला, मग शेठजींनी खिडकीतून हाक मारली, मग मामाजी आले. हे सगळं मला ऐकू येत होतं आणि प्रत्येक मिनिट माझ्या खिशातून जात होतं.

"कोण? बापू? काय म्हणते तुही वकिलात?"

"मामाजी, मूळ डिप्लोमा पाहिजे! नाहीतर नोकरी गेली!"

"तिथला हेड क्लार्क कोण आहे? त्याले फोनवर दे!"

"मामाजी, इथं कोणी मराठी नाही! तुम्ही नुसता कागद मुंबईला—"

"मी तुले पाच प्रती धाडल्या आहेत. ठळक टाइपात. त्या दाखव."

"प्रती नको आहेत हो! मूळ! मूळ!" मी ओरडलो. त्या तारघरातले पाच देशांचे लोक माझ्याकडं पाहायला लागले.

पलीकडं मामाजी खाकरले. मग ते म्हणाले, "मूळ कागद घरात राहील." आणि फोन खाली ठेवण्याऐवजी मामींच्या हातात गेला असावा, कारण मामींचा आवाज आला: "बापू, जेवतोस ना गा? अरे, हे चार दिस झाले रोज साडेदहाले कोट घालून कुठंसे जाऊन राहिले, इचारलं तर—" आणि लाइन कटली.

कोट घालून! मला वाटलं, म्हातारा आता कोटात फिरून लोकांना सांगत असेल, की अरबस्तानची वकिलात आपल्या प्रतींशी कशी भांडते आहे. उरलेले दिवस मी वकिलातीच्या बाकावर बसून काढले. पाच नव्या प्रती आल्या. टाइप खरंच ठळक होता. जॉर्जनं त्यातली एक आठवण म्हणून मागून घेतली. मी प्रत्येक दिवशी मामाजींना म्हणायची वेगवेगळी वाक्यं तयार केली. काही वाक्यं फार चांगली होती. त्यांतलं एकही पुढं बोललो नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाची निराशा व्हायला नको.

चौदाव्या दिवशी मला मुंबईच्या विमानात बसावं लागलं. कंपनीचं पत्र माझ्या आधी नागपुरात पोचलं होतं. माझ्या जागी दुसरा ड्राफ्ट्समन घेतला होता. आईनं ते पत्र उघडून, वाचून, पुन्हा चिकटवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धरमपेठेत गेलो. मामाजी ओट्यावर होते. मला पाहून ते उठले नाहीत.

"आलास?"

"आलो. नोकरी गेली."

"हं," ते म्हणाले आणि टाइपरायटरवरची धूळ फुंकली. धूळ नव्हती.

"मामाजी, माझा मूळ डिप्लोमा द्या. आता दुसरीकडं अर्ज करायचे आहेत."

"किती प्रती पाहिजेत?"

मी उठून आत गेलो. अंगणातून मागे जाऊन हापशावर तोंडावर पाणी मारलं. इतकी वाक्यं तयार केली होती! साडेदहा वाजले तसे मामाजी कोट घालून, छत्री आणि फाईल घेऊन बाहेर पडले. ते गल्लीच्या वळणावर गेल्याची खात्री करून मामी माझ्याजवळ आल्या. त्यांच्या हातात दोन किल्ल्या होत्या.

"त्यायचा जोड त्यायच्यापाशी, माहा जोड माह्यापाशी," त्या म्हणाल्या. "ये. पाहून घे तुह्या डोळ्यानं."

कोठीत अंधार होता. पेटी भिंतीला लागून होती. मामींनी कुलपं काढली आणि झाकण उचललं.

आत माती होती. ओल्या मातीच्या नागमोडी बोळी, आणि त्यांत कुठंकुठं कागदाचा पापुद्रा. पेटीचा तळ भिंतीच्या ओलीनं गंजून हाताएवढा उघडा पडला होता आणि तिथून वाळवी आत आली होती. बाहेरून हिरवा रंग अजून चकचकीत. दोन्ही कुलपं शाबूत. वडिलांची सेवापुस्तिका मी उचलायला गेलो तर ती बोटांत भुगा झाली. मॅट्रिकची सर्टिफिकेटं, जन्माचे दाखले, सगळ्या खानदानाचं मूळ, वाळवीनं सावकाश, कोणालाही न कळवता संपवलं होतं.

"कधी?" मी विचारलं.

"मागच्या पावसाळ्यात. ते समजतात मले नाही ठाऊक. मले वाटते, त्यायनंच सांगावं." मामींनी पदरानं हात पुसले. "ना ते सांगत, ना मी इचारत. वरीस झालं."

मातीच्या वर एक कोरा करकरीत कागद ठेवला होता. डावीकडं पाव भाग मार्जिन. मामाजींच्या अक्षरात यादी होती. कोणाचा कोणता कागद गेला, त्याची दुसरी प्रत कोणत्या कचेरीतून मिळते, अर्ज कधी केला. सातबारा मिळाला. माझ्या आईचा दाखला मिळाला. काही नावांपुढं फक्त 'त्रुटी' लिहिलेलं. नवव्या ओळीत माझा डिप्लोमा: 'अर्ज परत. पुन्हा अर्ज परत. प्रलंबित.' आणि सर्वांत खाली: 'चि. बापूच्या सहीचे कोरे कागद — ४', त्यावर रेघ मारून ३, मग २, मग १.

म्हणजे 'मूळ कागद देता येत नाही' ही तार खोटी नव्हती. बाकी सगळं खोटं होतं. 'वाळवी लागली, दुसरा काढायला तुझी सही पाठव' एवढं एका तारेचं काम होतं. डिप्लोमा वर्षापूर्वीच निघाला असता. पण तेवढी एक ओळ लिहिण्यापेक्षा भाच्याची नोकरी जाऊ देणं त्यांना सोपं वाटलं. मी पेटीचं झाकण इतक्या जोरात लावलं की मामी दचकल्या.

मग मी सायकल काढली आणि सिव्हिल लाइन्सकडं निघालो. डिप्लोमा देणाऱ्या परीक्षा मंडळाची कचेरी तिकडं होती. का गेलो, याचं सभ्य उत्तर असं की मला माझ्या कागदाची चौकशी करायची होती. खरं उत्तर असं, की तीस वर्षं खिडकीच्या आत बसलेल्या या माणसाला मला एकदा खिडकीच्या बाहेर उभा बघायचा होता. महादेवची सुलोचना मला अचानक आठवली होती. मी कचेरीच्या फाटकाजवळच्या पानठेल्यावर सायकल लावली आणि तिथून पाहत राहिलो.

व्हरांड्यातल्या रांगेत मामाजी सातवे होते. पुढचे-मागचे सगळे विशी-बाविशीचे. काळ्या कोटात त्यांची पाठ घामानं भिजली होती. एक पोट्टा मध्ये घुसला तर ते एक पाऊल मागे सरून आठवे झाले. ते खिडकीशी पोचले तेव्हा खिडकी बुटकी असल्यामुळं त्यांना वाकावं लागलं. ठेला खिडकीपासून वीस पावलांवर असेल. सगळं ऐकू येत होतं.

आतला कारकून माझ्याहूनही लहान होता. त्यानं अर्ज घेतला, पाहिला आणि परत सरकवला.

"आजोबा, तुमाले किती डाव सांगू? अर्जदाराची सही मार्जिनात आली आहे. साहेब घेत नाही असा अर्ज."

मला माझ्या सह्या आठवल्या. रिक्षा उभी असताना, कुठंतरी, घाईत ठोकलेल्या. चारही डावीकडं.

मी वाट पाहिली. आता हा माणूस तडकेल, प्रांताच्या सचिवालयाचं नाव काढेल, हेड क्लार्क कोण आहे म्हणून विचारेल. मला ते ऐकायचंच होतं.

मामाजींनी कागद डोळ्यांजवळ नेला. सही पाहिली. अंगठ्याचं नख मार्जिनच्या घडीवरून हळूच ओढलं.

"बरोबर आहे साहेब तुमचं," ते म्हणाले. "नियम आहे तो."

मग ते व्हरांड्यातल्या बाकाकडं आले. बाकावर जागा नव्हती. भिंतीला टेकून त्यांनी तो कागद फाईलमध्ये घातला, टॅगची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. पानवाला मला म्हणाला, "काय देऊ भाऊ?" मी काहीच न घेता सायकल फिरवली आणि पुढच्या फाटकासमोरून न जाता मागच्या रस्त्यानं लांबून घरी आलो.

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. कोट अंगावरच होता. आईनं चहा दिला, तो त्यांनी घेतला.

"आज सिव्हिल लाइन्सकडं गेला होतास का गा?" त्यांनी विचारलं.

"नाही जी."

"हं. मीही नाही गेलो." त्यांनी फाईल उघडून एक कोरा कागद काढला, गुडघ्यावर ठेवून त्याची घडी घातली, नख ओढलं आणि उलगडून माझ्यासमोर ठेवला. मग कोटाच्या खिशातून पेन काढून, टोपण काढून, माझ्या हातात दिलं.

"सही कर," ते म्हणाले. "मार्जिन सोडून."